अत्याचारोत्तर मानसोपचार

शारीरिक, लैंगिक वा मानसिक अत्याचार सोसलेल्या व्यक्तीच्या मनावर झालेल्या आघाताचे परिणाम कमी करून तिला पुन्हा स्वस्थ व स्वायत्त जीवन जगता यावे, यासाठी प्रशिक्षित उपचारकाने संभाषण, संबंध व विशिष्ट तंत्रे यांच्या साहाय्याने केलेल्या उपचारास अत्याचारोत्तर मानसोपचार म्हणतात. बालपणी झालेले लैंगिक शोषण, वैवाहिक जीवनातील मारहाण, बलात्कार, दीर्घकाळ चाललेला मानसिक छळ आणि बालकांची वा वृद्धांची हेळसांड यांचा अत्याचार या संज्ञेत समावेश होतो. असा उपचार सुरू करणे ही त्यातील सर्वांत नाजूक अवस्था मानली जाते. ज्या व्यक्तीचा विश्वास बहुधा परिचिताकडूनच मोडला गेला, तिने एका अपरिचितावर विश्वास ठेवावा, अशी अपेक्षा या प्रारंभी केली जात असते. म्हणून प्रस्तुत नोंदीत मुख्यतः या प्रारंभिक अवस्थेचा विचार केला आहे.

संज्ञा : न्यायव्यवहारात ‘पीडित’ ही संज्ञा रूढ आहे. १९७० नंतरच्या स्त्री-चळवळीने, अत्याचारातून तगून राहिलेल्या व्यक्तीची जिद्द व कर्तृत्व सूचित करणारी निराळी संज्ञा वापरण्याचा आग्रह धरला; तिच्यासाठी मराठीत ‘उत्तरजीवी’ हा शब्द योजतात. उपचाराच्या दृष्टीने यांपैकी कोणतीही संज्ञा रुग्णावर लादणे इष्ट नसते. महाराष्ट्रात ‘अतिप्रसंग’, ‘नको ते झाले’, ‘घरात त्रास आहे’ अशा आडवळणाच्या शब्दांनीच पुष्कळदा पहिला उल्लेख होतो. उपचारकाने तेच शब्द स्वीकारून पुढे जावे आणि नेमका शब्द उच्चारण्याची वेळ संबंधित व्यक्तीला ठरवू द्यावी, असा संकेत आहे.

ऐतिहासिक आढावा : फ्रेंच मानसशास्त्रज्ञ प्येअर झाने (१८५९–१९४७) याने १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, असह्य अनुभवाची स्मृती जाणिवेपासून तुटून पडते व ती शारीरिक लक्षणांच्या रूपाने प्रकट होते, असे प्रतिपादन केले. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याने २१ एप्रिल १८९६ रोजी व्हिएन्ना येथे दिलेल्या व्याख्यानात, आपल्या अठरा रुग्णांच्या उन्मादाचे मूळ बालपणीच्या लैंगिक अनुभवांत असल्याचे सांगितले. तथापि सप्टेंबर १८९७ मध्ये आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने या उपपत्तीविषयी अविश्वास व्यक्त केला आणि पुढे मनोविश्लेषणात प्रत्यक्ष घटनेपेक्षा कल्पनाविश्वाला अधिक महत्त्व प्राप्त झाले. त्याचा हंगेरियन सहकारी शांडोर फेरेन्त्सी (१८७३–१९३३) याने १९३२ मध्ये व्हीस्बाडेन येथील परिषदेत या प्रवाहाविरुद्ध निबंध वाचला. बालकांवरील अत्याचार प्रत्यक्षात घडतात. उपचारकाचा थंड अलिप्तपणा रुग्णाला जुन्या प्रसंगाचीच आठवण करून देतो. याउलट उपचारकाने आपली चूक मोकळेपणाने मान्य केली, तर रुग्णाचा विश्वास बसतो, असे त्याचे म्हणणे होते. तत्कालीन मनोविश्लेषकांनी ते स्वीकारले नाही. परंतु आजच्या उपचारपद्धतीत त्याला पायाभूत स्थान मिळाले आहे.

अमेरिकन बालरोगतज्ञ हेन्री केंप व त्याचे सहकारी यांनी १९६२ मध्ये मारहाण झालेल्या बालकांच्या लक्षणसमूहाचे वर्णन प्रसिद्ध केले. अ‍ॅन बर्जेस व लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टन येथील रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांचा अभ्यास करून १९७४ मध्ये, तीव्र विस्कळीतपणा आणि दीर्घकालीन पुनर्घटन अशा प्रतिक्रियेच्या दोन अवस्था मांडल्या. १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत आघातोत्तर तणाव विकृतीचा समावेश केला. ज्युडिथ हर्मन हिने १९९२ मध्ये, दीर्घकालीन अत्याचाराचे परिणाम एकाच प्रसंगाच्या आघाताहून निराळे असतात हे दाखवून उपचाराचे तीन टप्पे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत (अंमल १ जानेवारी २०२२ पासून) जटिल आघातोत्तर तणाव विकृती हे स्वतंत्र निदान मान्य झाले आहे.

मानसिक परिणाम : अत्याचाराच्या प्रसंगी शरीर प्रतिकार, पलायन किंवा स्तब्धता यांपैकी एखादा मार्ग अनुसरते. पुष्कळ व्यक्ती त्या क्षणी ताठरतात. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. ही मज्जासंस्थेची अनैच्छिक क्रिया असून तिचा संमतीशी काहीही संबंध नसतो. ‘मी ओरडले का नाही’ ही टोचणी मात्र वर्षानुवर्षे टिकते व उपचारात ती वारंवार पुढे येते. नंतरच्या काळात प्रसंग पुन्हा घडत असल्याचा भास, दुःस्वप्ने, आठवण जागी करणाऱ्या स्थळांची व व्यक्तींची टाळाटाळ, दचकणे आणि निद्रानाश ही लक्षणे दिसतात. जटिल प्रकारात त्यांच्या जोडीला भावना आवरता न येणे, स्वतःविषयी तीव्र हीनभाव आणि निकटचे संबंध टिकवण्यातील अडचण ही लक्षणे आढळतात.

काही व्यक्तींना आपण शरीराबाहेर उभे आहोत किंवा भोवतालचे सारे खोटे आहे, असे वाटते. या तुटलेपणाच्या अवस्थेचा अर्थ क्वचित ‘बाहेरची बाधा’ असा लावला जातो व उपचाराला विलंब होतो. भारतीय रुग्णांत मनातील व्यथा शरीराच्या भाषेत प्रकट होणे सामान्य आहे. छातीत धडधड, डोके जड होणे, हातापायांना मुंग्या येणे, ओटीपोटात दुखणे अशा तक्रारी घेऊन अनेक जण प्रथम सामान्य वैद्याकडे जातात. तपासण्या निर्दोष निघतात आणि मूळ कारण अस्पर्शित राहते.

मदत घेण्यातील विलंब : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) शारीरिक वा लैंगिक हिंसा अनुभवलेल्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली होती. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तेरा राज्यांतील पाहणीत, सहभागी बालकांपैकी ५३·२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले. त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा कमी नव्हते. गप्प राहण्याची कारणे अनेक आहेत : घराण्याच्या अब्रूची भीती, अत्याचारी व्यक्तीवरील आर्थिक अवलंबन, तिच्याविषयी असणारे प्रेम, आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही ही शंका आणि पूर्वी एकदा सांगून पाहिल्यावर मिळालेले अविश्वासाचे उत्तर. पुरुषांच्या बाबतीत, पुरुषावर असा अत्याचार होऊच शकत नाही, हा समज यात भर घालतो. त्यामुळे बालपणीच्या शोषणाविषयी व्यक्ती चाळिशी-पन्नाशीत प्रथमच बोलते, असे अनेकदा घडते. विवाह, प्रसूती, आपले अपत्य त्या वयाला पोहोचणे किंवा अत्याचारी व्यक्तीचा मृत्यू ही त्याची निमित्ते ठरतात. उशिरा सुरू झालेला उपचारही परिणामकारक ठरू शकतो.

उपचारकाची निवड : भारतात चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ अन्वये होते, मनोविकारतज्ञ हा वैद्यकाचा पदव्युत्तर पदवीधर वा पदविकाधारक असतो व तो औषधे देऊ शकतो. समुपदेशक ही संज्ञा मात्र दीर्घकाळ फार सैलपणे वापरली गेली आहे. त्यामुळे उपचार सुरू करणाऱ्या व्यक्तीने उपचारकाची पदवी, नोंदणी, आघातासंबंधीचे विशेष प्रशिक्षण, शुल्क, बैठकीचा अवधी, नोंदी कशा ठेवल्या जातात आणि गोपनीयतेच्या मर्यादा कोणत्या, हे प्रश्न आधीच विचारणे योग्य ठरते. अशा प्रश्नांनी उपचारकाचा अवमान होत नाही. त्यांची उत्तरे तो कशी देतो, यावरूनही त्याची पारख होते. स्त्री वा पुरुष उपचारक निवडण्याची मुभा असावी. कुटुंबाचा स्नेही, नातलग किंवा अत्याचारी व्यक्तीचाही उपचार करणारा तज्ञ टाळावा.

समेट आणि उपचार यांतील भेदही येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना समोर बसवून मिटवामिटवी करणे, यालाच पुष्कळदा समुपदेशन समजले जाते. त्यात संसार टिकवणे हा हेतू असतो. मानसोपचारात व्यक्तीची सुरक्षितता व स्वास्थ्य हा हेतू असतो. घरात हिंसा चालू असताना पतिपत्नींच्या एकत्रित बैठका घेणे धोक्याचे मानले जाते. कारण बैठकीत उच्चारलेल्या शब्दांची शिक्षा घरी गेल्यावर मिळू शकते.

पहिल्या बैठका : बैठक साधारणपणे ४५ ते ६० मिनिटांची व बहुधा आठवड्यातून एकदा असते. पहिल्या भेटीत सर्व हकीकत सांगणे आवश्यक नसते. ‘काही घडले आहे, पण आज सांगता येणार नाही’ एवढेही पुरेसे ठरते. हकीकत खरी आहे की नाही याची शहानिशा करणे हे पोलिसांचे व न्यायालयाचे काम असून उपचारक हा तपास-अधिकारी नव्हे. ‘तू तिथे गेलीसच कशाला’, ‘इतके दिवस गप्प का राहिलास’ यांसारखे प्रश्न दोषारोपाचे असल्याने वर्ज्य मानले जातात.

बसण्याची जागा दार दिसेल अशी असावी. दाराला आतून कडी नसावी. उपचारकाने परवानगीवाचून स्पर्श करू नये. आणि हात वर करण्यासारख्या एखाद्या ठरलेल्या खुणेने संभाषण तत्काळ थांबवता यावे. या बाबी वरवर किरकोळ वाटतात. परंतु अत्याचारात व्यक्तीच्या नकाराला किंमत उरलेली नसते. उपचारकक्षात तिचा नकार लगेच मानला गेला, म्हणजे तिच्यासाठी एका नव्या अनुभवाला आरंभ होतो. भाषेची अडचण असल्यास दुभाषी म्हणून नातलगाचा उपयोग करू नये.

प्रारंभिक मूल्यमापनात पुढील बाबींची चौकशी केली जाते : अत्याचार अजून चालू आहे का, आत्महत्येचे विचार वा स्वतःला इजा करण्याची सवय, मद्य वा अन्य पदार्थांचे सेवन, झोप व आहार, शारीरिक इजा व गर्भारपण, विश्वासाचे एखादे तरी माणूस जवळ आहे का. धोका चालू असल्यास स्मृतींवरील उपचारापूर्वी सुरक्षिततेची योजना आखतात. महत्त्वाची कागदपत्रे व थोडे पैसे कोठे ठेवावे, रात्री-अपरात्री कोणाकडे जावे, उपचारकाने कोणत्या क्रमांकावर व कोणत्या वेळी संपर्क साधावा, अशा प्रत्यक्ष तपशिलांचा तीत समावेश असतो.

गोपनीयता व कायदा : मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ अन्वये रुग्णाला आपल्या आजाराविषयी व उपचाराविषयी गोपनीयतेचा अधिकार आहे, मात्र जिवाला धोका, न्यायालयाचा आदेश इ. अपवाद कायद्यानेच सांगितले आहेत. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अनुसार अठरा वर्षांखालील बालकावरील अशा अपराधाची माहिती असणाऱ्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक असून तसे न केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. या तरतुदीने उपचारकापुढे एक पेच निर्माण होतो. बालक विश्वासाने काही सांगते आणि तोच विश्वास मोडल्यासारखे त्याला वाटू शकते. उलट मौन पाळल्यास त्या बालकाला व इतर बालकांनाही धोका राहतो. म्हणून ही मर्यादा हकीकत ऐकण्यापूर्वीच, बालकाला समजेल अशा भाषेत सांगणे आणि नंतरच्या प्रत्येक पायरीत त्याला बरोबर ठेवणे, हा मार्ग उपचारक अवलंबतात.

भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमाने लैंगिक अपराधातील पीडित व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करण्यास प्रतिबंध केला आहे; तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३९७ व्या कलमानुसार सर्व शासकीय व खाजगी रुग्णालयांनी पीडितांवर विनामूल्य प्रथमोपचार वा वैद्यकीय उपचार तत्काळ करणे आवश्यक आहे. या दोन्ही संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलात आल्या.

उपचाराचे टप्पे : हर्मन हिच्या मांडणीप्रमाणे सुरक्षितता, स्मरण व शोक आणि पुनःसंबंध हे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात भावनांचा वेग आवरण्याची साधी तंत्रे शिकवतात. स्मृतींचा लोंढा आला असता पायांखालची जमीन जाणवून घेणे, समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावे घेणे, आजची तारीख व ठिकाण मोठ्याने म्हणणे, श्वास सावकाश सोडणे यांमुळे ‘तेव्हा’ आणि ‘आता’ यांतील फरक पुन्हा स्पष्ट होतो. दुसऱ्या टप्प्यात स्मृतींना क्रमाने व पेलवेल एवढ्या प्रमाणात सामोरे जातात आणि जे गमावले त्याचा शोक करतात. तिसऱ्या टप्प्यात काम, मैत्री, सहजीवन व समाज यांच्याशी नाते नव्याने जोडले जाते. हे टप्पे एकापुढे एक सरळ येतातच असे नाही. मागे-पुढे होणे स्वाभाविक असते.

पहिला टप्पा किती लांबवावा, याविषयी मतभेद आहेत. काही संशोधकांच्या मते, पूर्वतयारीत फार काळ घालवल्याने परिणामकारक उपचार विनाकारण लांबतो. इतरांच्या मते, धोक्यात असलेल्या किंवा वारंवार तुटलेपण अनुभवणाऱ्या रुग्णांना तयारीवाचून स्मृतींकडे नेल्यास ते उपचार सोडतात. व्यवहारात हा निर्णय व्यक्तिपरत्वे घेतात.

प्रमुख पद्धती : बोधनिक प्रक्रिया उपचारात साधारण बारा बैठकांत ‘दोष माझाच’ यांसारख्या दृढ समजुती तपासल्या जातात. दीर्घ सामोरेपणाच्या उपचारात टाळलेल्या आठवणींना व निर्धोक परिस्थितीला ८ ते १५ बैठकांत क्रमाक्रमाने सामोरे जातात. फ्रान्सीन शॅपिरो (१९४८–२०१९) हिने १९८९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्ण स्मृती मनात धरून नेत्रांची विशिष्ट हालचाल करतो. ती परिणामकारक आढळली असली, तरी नेत्रांच्या हालचालीचा वाटा नेमका किती, हे वादग्रस्त आहे. बालकांसाठीच्या आघातकेंद्रित बोधनिक वर्तनोपचारात अत्याचार न करणाऱ्या पालकालाही सहभागी करून घेतात. सर्ट्रालीनसारखी अवसादविरोधी औषधे काही रुग्णांना साहाय्यभूत होतात. सवय लावणारी शामके या विकृतीत दीर्घकाळ देणे इष्ट नसते. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सारे बोलावयास लावण्याची पूर्वी प्रचलित असलेली पद्धत उपयुक्त नसल्याचे २००२ च्या संशोधन-समीक्षेत दिसून आले व तिचा वापर आता करीत नाहीत.

अडचणी व धोके : उपचार सुरू झाल्यावर आरंभी त्रास काहीसा वाढू शकतो, झोप बिघडते, रडू येते, बैठक चुकवावीशी वाटते. याची पूर्वकल्पना दिलेली नसल्यास रुग्ण ते अपयश समजतो. उपचारक आपल्यालाही दुखवेल किंवा सोडून जाईल, या भीतीने काही जण त्याची परीक्षा पाहतात. उशिरा येणे, रागावणे वा अति आज्ञाधारक होणे ही तिची रूपे होत. उपचारकाने ती मनाला लावून न घेता बोलण्याचा विषय करावीत.

स्मृतींविषयीही सावधगिरी बाळगावी लागते. १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेत संमोहन व सूचक प्रश्न यांद्वारा ‘दडलेल्या’ स्मृती उकरून काढण्याच्या प्रकारांतून मोठा वाद उद्भवला. सूचनेच्या प्रभावाने खोट्या स्मृती निर्माण होऊ शकतात, हे प्रयोगांनी दाखवले आहे; त्याचबरोबर खऱ्या अत्याचाराच्या स्मृती दीर्घकाळ विस्मृत राहून परत आल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून उपचारक जे सांगितले जाते ते ऐकतो. जे सांगितले गेलेले नाही ते सुचवीत नाही.

उपचारकाने रुग्णाशी लैंगिक वा आर्थिक संबंध ठेवणे हा गंभीर व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. तसेच सूर न जुळल्यास उपचारक बदलण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. एका ठिकाणी आलेला वाईट अनुभव हा उपचारपद्धतीच निरुपयोगी असल्याचा पुरावा नव्हे.

महाराष्ट्रातील व भारतातील सोयी : टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने स्त्रिया व बालके यांच्यासाठी विशेष कक्ष सुरू केला. मुंबईत वांद्रे येथील भाभा रुग्णालयात महानगरपालिका व ‘सेहत’ ही संस्था यांनी ‘दिलासा’ हे केंद्र स्थापन केले. रुग्णालयातच अत्याचारपीडितांना मानसिक आधार देणाऱ्या भारतातील आद्य केंद्रांत त्याची गणना होते. महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली; बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार व अम्लहल्ला यांतील पीडितांना अर्थसाहाय्य, समुपदेशन व पुनर्वसन देणे हा तिचा उद्देश आहे. केंद्र शासनाची ‘सखी’ एकथांबा केंद्रे २०१५ पासून, तर ‘टेलिमानस’ ही दूरध्वनीवरील विनामूल्य मानसिक आरोग्यसेवा (क्रमांक १४४१६) १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली. बालकांसाठी १०९८ व स्त्रियांसाठी १८१ हे साहाय्य-क्रमांक आहेत. तथापि मनोविकारतज्ञांचे प्रमाण देशात दर लक्ष लोकसंख्येमागे एकाहूनही कमी असून ते बहुतांशी शहरांत एकवटलेले आहेत. ग्रामीण भागात आशा कार्यकर्ती, परिचारिका किंवा शिक्षक यांच्यापाशीच प्रथम वाच्यता होण्याचा संभव अधिक असतो. शांतपणे ऐकणे, विश्वास ठेवणे, दोष न देणे, सुरक्षिततेची चौकशी करणे व योग्य ठिकाणी पोहोचवणे एवढे त्यांनी केले, तरी उपचाराची पहिली पायरी गाठली जाते.

फलनिष्पत्ती : झालेले विसरणे हे या उपचाराचे साध्य नव्हे, तसेच अत्याचारी व्यक्तीला क्षमा करणे ही बरे होण्याची पूर्वअटही नव्हे. स्मृती राहते, परंतु ती अवेळी चालून येत नाही व आल्यास व्यक्तीला भूतकाळात ओढून नेत नाही. दोष कोणाचा, याविषयी मनात संदेह उरत नाही. झोप, काम व विश्वासाचे संबंध हळूहळू पूर्वपदावर येतात. तक्रार नोंदवावी की नाही, कुटुंबाला सांगावे की नाही, संबंध तोडावेत की नाही, हे प्रौढ व्यक्तीचे निर्णय तिने स्वतः घ्यावयाचे असतात. अत्याचाराने हिरावलेला हा निर्णयाधिकार तिला परत मिळणे, हेच उपचार यशस्वी होत असल्याचे प्रमुख गमक समजले जाते.